बाबांच्या डब्यातली चार नाणी: टांकसाळीतली चूक की नंतर कुणी केलेली कारागिरी?

घाटवाट

नमस्कार मंडळी. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. २०१५ ला निवृत्त झाले, मागच्या वर्षी गेले. परवा आईबरोबर कपाट आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात त्यांचा तिकिटाचा जुना पंच होता, चामडी पिशवीचं बक्कल होतं आणि चार नाणी. प्रत्येक नाणं वेगवेगळ्या कागदात, औषधाच्या पुडीसारखं गुंडाळलेलं. आईला एवढंच आठवतं की हिशोब भरताना एखादं नाणं "विचित्र" दिसलं की ते बाजूला काढायचे आणि त्याच्या बदली खिशातलं टाकायचे. हिशोब तर जुळायलाच हवा.

नाणी अशी आहेत.

पहिलं, १ रुपया, स्टीलचा, १९९८ चा असावा असं मी धरून चालले आहे, कारण त्याच्यावर वर्षच नाही. एका बाजूला नेहमीचे सिंह. दुसऱ्या बाजूला "१" आणि कणसं असायला हवीत, तिथेही सिंहच आहेत, पण आत दबलेले आणि आरशात दिसावेत तसे उलटे. "भारत" उजवीकडून डावीकडे वाचावं लागतं. वर्षाचा अंदाज फक्त पुडीवर बाबांनी लिहिलेल्या तारखेवरून.

दुसरं, गेंड्याचे २५ पैसे, १९९४. गेंड्याच्या शेपटीकडून कुणीतरी चावा घेतल्यासारखा अर्धचंद्र गायब आहे.

तिसरं, ५ रुपयांचं जुनं जाड नाणं, २००१. सिंह सरळ धरून पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं उलटलं की मागचा ५ सरळ न येता आडवा पडलेला दिसतो.

चौथं, १० रुपये, २०१३. पिवळं कडं आणि मधे पांढरी चकती. ज्या बाजूच्या कड्यावर किरणं आहेत त्या बाजूला मधे सिंह आहेत, आणि दुसऱ्या बाजूला मधे रुपयाचं चिन्ह. म्हणजे मधली चकती उलटी बसली आहे.

एका व्हिडिओखाली मी पहिल्याचा फोटो टाकला, तर एकाने लगेच फोन करून "साडेतीन लाख देतो, आधी नोंदणीचे २,१०० पाठवा" असं सांगितलं. पैसे पाठवलेले नाहीत. मला विकायचीही घाई नाही. मला हे समजून घ्यायचं आहे की नाणं पाडताना असं घडतं कसं. बाबांनी एवढी जपून ठेवली, तर त्यांनी काय पाहिलं होतं ते मलाही दिसावं असं वाटतं.

रविवारपेठ

ताई, पैसे पाठवले नाहीत ते फार चांगलं केलंत. माझ्या मेव्हण्याचे असेच ६,००० गेले, आधी नोंदणी, मग कर, मग कुरिअर. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून स्पष्ट सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही, आणि बँकेच्या वतीने शुल्क किंवा कमिशन घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. तो नंबर बंद करा. नाण्यांबद्दल इथले जाणकार सांगतीलच.

प्रेसशॉप_निवृत्त

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि जेवण आटोपून लगेच लिहायला बसलो. मी टांकसाळीत कधी काम केलेलं नाही. ३१ वर्षं पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये काढली, शेवटची १४ टूलरूममध्ये, म्हणजे जिथे पंच आणि डाय (ठसे) ठेवतात, दुरुस्त करतात तिथे. वॉशर, कप, कव्हर असले जॉब. पण पंच, डाय आणि पत्रा यांचा स्वभाव सगळीकडे सारखाच असतो. नाणी गोळा करायला लागलो तेव्हा प्रदर्शनातलं पहिलं चुकीचं नाणं हातात घेतलं आणि वाटलं, अरे, हा जॉब तर आपण दर आठवड्याला रिजेक्टच्या पेटीत टाकत होतो.

चुकीचं नाणं समोर आलं की मी एकच प्रश्न विचारतो: ही चूक कुठल्या टप्प्यावर झाली? टांकसाळीतली खरी चूक त्याचं उत्तर देतेच. जिचं उत्तर कुठल्याच टप्प्याशी जुळत नाही, ती चूक टांकसाळीबाहेर, कुणाच्या तरी हातून झालेली असते.

टप्पे थोडक्यात. धातूच्या लांब पट्टीतून पंचाने गोल चकत्या कापतात. पट्टी लाटताना आणि कापताना धातू कडक होतो, म्हणून चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, मग धुऊन चकचकीत करतात. त्यानंतर त्यांची कड दाबून थोडी उचलतात. हे महत्त्वाचं आहे, पुढे उपयोगी पडेल. मग चकती प्रेसमध्ये जाते. खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती पोलादाची कॉलर. ठसे दाबले की धातू कॉलरपर्यंत पसरतो आणि दोन्ही बाजूंची चित्रं एकाच ठोक्यात उठतात. काठाला कंगोरे असतील तर तेही कॉलरमुळेच. आजचे प्रेस मिनिटाला ६०० ते ७५० नाणी पाडतात. म्हणजे १० सेकंदांत शंभर ते सव्वाशे. मधे काही बिघडलं तर माणसाच्या लक्षात येईपर्यंत ढीग लागलेला असतो. बहुतेक चुकीची नाणी चाळणीत आणि तपासणीत अडकतात, एखादं पिशवीत शिरतं आणि फिरत फिरत एखाद्या कंडक्टरच्या हाती येतं.

आता तुमचे २५ पैसे. डब्यात बाबांचा पंच आहे ना? एक जुना कागद घ्या आणि पंचाने एक भोक पाडा. मग कागद पुरेसा न सरकवता पहिल्या भोकावर थोडं चढेल असं दुसरं भोक पाडा. खाली पडलेला दुसरा तुकडा पाहा, त्याला चंद्रकोरीसारखा चावा असेल. तुमचा गेंडा तसाच चावला गेला. पट्टी पुढे ढकलणारा फीड घसरला, पंच आधीच्या भोकावर थोडा चढून बसला आणि अपुरी चकती बाहेर आली. आमच्याकडे कॉईलचं, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीचं, फीड घसरलं की अर्धे वॉशर असेच निघायचे आणि उरलेल्या पत्र्याच्या जाळीत दोन भोकं एकमेकांत शिरलेली दिसायची. म्हणजे ही चूक ठसा बसण्याच्या खूप आधीची आहे. नाणं व्हायच्या आधीच ते चावलं गेलं होतं.

आता खात्री कशी करायची ते सांगतो, कारण चावा कानशीनेही घेता येतो. भिंग घ्या आणि चाव्याच्या बरोबर समोरची कड पाहा, म्हणजे गेंड्याच्या तोंडाकडची. कड उचलताना चकती दोन बाजूंनी दाबून फिरवतात. चावा एका बाजूने गेला की तिथे दाबायला धातूच नसतो, त्यामुळे समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथली कड पुसट, बसकी राहते. कानशीने घासणाऱ्या माणसाला हे करता येत नाही. तो फक्त एक बाजू कापतो, समोरची कड छान उभीच राहते. दुसरी खूण चाव्याच्या काठावर. तिथली अक्षरं कापल्यासारखी अचानक संपतात, की चाव्याकडे किंचित ओघळल्यासारखी पसरतात? खऱ्या नाण्यात ठसा बसताना धातू त्या रिकाम्या जागेकडे सरकतो, म्हणून अक्षरं पसरतात. तिसरी खूण चाव्याची गोलाई. ती नाण्याच्या स्वतःच्या गोलाईएवढीच हवी, कारण पंच तोच होता. दुसरं २५ पैशांचं नाणं त्या चाव्यात ठेवून पाहा, नीट बसलं पाहिजे.

५ रुपयांचं सोपं आहे. आपली नाणी अशी पाडतात की वरचं टोक वरच ठेवून नाणं बाजूने उलटलं तर मागचं चित्रही सरळ यावं. तुमचं आडवं येतं, म्हणजे दोन ठशांपैकी एक ठसा आपल्या जागेवर फिरला. ठसा धरणारी पकड सैल झाली की तो प्रत्येक ठोक्याला अगदी जरासा वळत जातो. म्हणून अशी नाणी सगळ्या कोनांत सापडतात, १० अंशांपासून अगदी पूर्ण उलट्यापर्यंत. १०-१५ अंश हे नेहमीचं आहे, त्याला चूक म्हणून मिरवू नये असं माझं मत. पण तुम्ही "आडवा" म्हणता, म्हणजे ९० अंशांच्या आसपास. ते ठेवण्यासारखं आहे. घड्याळाचं चित्र काढून मोजा: सिंह १२ वर ठेवले तर ५ च्या आकड्याचं डोकं कितीवर येतं?

१० रुपयांचं मात्र बोलताना जड जातंय, कारण बाबांनी ते जपून ठेवलं होतं. ते टांकसाळीत तसं होऊच शकत नाही. दोन धातूंच्या नाण्यात बाहेरचं कडं आणि मधली चकती वेगवेगळी येतात, दोन्ही कोरी, आणि एकाच ठोक्यात चित्रं उठतात व दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात. ठोका बसण्याआधी मधल्या चकतीला पुढची-मागची बाजूच नसते. मग ती उलटी कशी बसेल? चित्र उठल्यावर कुणीतरी ती ठोकून बाहेर काढली, उलटी केली आणि परत दाबून बसवली. जोडावर भिंग धरा, ओरखडे किंवा गोंद दिसेल. आणि फरशीवर हलकेच टाकून आवाज ऐका. धडधाकट १० रुपये खणकन वाजतात, हे बहुतेक बद्द वाजेल. कड्यापेक्षा मधली चकती एका बाजूला सरकलेली असणं, किंवा मधली चकती न बसता नुसतं कडंच ठशाखाली जाऊन निघालेलं असणं, या मात्र खऱ्या चुका आहेत. त्यांचं उत्तर टप्प्याशी जुळतं.

आणि आता पहिलं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

याला आपल्याकडचे नाणीवाले "लाखी" म्हणतात. लाखात एखादं निघतं म्हणून लाखी, असं जुने व्यापारी सांगतात. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ च्या पाव आण्याची लाखी पाहिली होती, एका बाजूचं चित्र तसंच्या तसं दुसऱ्या बाजूला आत गेलेलं. मी ते नाणं परत देईपर्यंत माझा चहा गार झाला होता.

घडतं ते असं. एक नाणं पडलं की ते बाहेर ढकललं जातं आणि त्याच्या जागी कोरी चकती येते. कधी कधी पडलेलं नाणं बाहेर न जाता ठशालाच चिकटून राहतं. तुमच्या बाबतीत आधीचा एक रुपया "१" आणि कणसांच्या ठशाला चिकटला. त्याचे सिंह बाहेर तोंड करून राहिले. आता तुमची कोरी चकती आली. तिच्या एका बाजूला सिंहांचा ठसा नेहमीसारखा बसला, म्हणून तिथे सिंह उठावाचे आणि सरळ. दुसऱ्या बाजूला ठशाच्या जागी चिकटलेलं नाणं होतं. त्याचे उठावाचे सिंह तुमच्या चकतीत रुतले, म्हणून ते आत गेलेले आणि उलटे. वर्षाच्या बाजूचा ठसा तुमच्या नाण्याला शिवलाच नाही, म्हणून वर्षही नाही. तुमच्या हातात जो उलटा सिंह आहे तो ठशाचा नाही, तुमच्या आधी पडलेल्या त्या रुपयाचा आहे. तो रुपया कुठे गेला कुणास ठाऊक, पण त्याचं तोंड तुमच्या नाण्यावर उमटून राहिलं.

चिकटलेलं नाणं एकेका ठोक्याने पातळ होत जातं, पसरतं, बाटलीच्या बुचासारखं ठशावर चढतं. त्यामुळे नंतरच्या चकत्यांवर चित्र पसरट आणि धूसर येत जातं. म्हणून मला सांगा, तुमचे उलटे सिंह किती स्वच्छ आहेत? आयाळ दिसते का? दिसत असेल तर चिकटल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन ठोक्यांतलं नाणं आहे.

खोटी लाखीही करतात, दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळून. स्टील कडक असल्याने त्यात चित्र उथळ बसतं, आणि मूळ "१" च्या खुणा त्या दबलेल्या सिंहाखाली कुठेतरी राहतातच. तुमच्यावर "१" चा किंवा कणसांचा मागमूस नसेल तर निश्चिंत राहा.

वजनही करून घ्या, सराफाकडे जाऊन, दोन दशांश स्थळांपर्यंत. त्या काळच्या १ रुपयाचं वजन ४.८५ ग्रॅम, गेंड्याचं २.८३, जाड ५ रुपयांचं ९, आणि १० रुपयांचं ७.७१. लाखी पूर्ण वजनाची भरली पाहिजे, कारण तिच्यातला धातू कुठे गेलेला नाही. गेंडा हलका भरेल. लोहचुंबक लावून पाहा, रुपया आणि गेंडा चिकटतील, जाड ५ रुपये चिकटणार नाहीत.

एक हात जोडून विनंती. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही लावू नका. पुसूही नका. बाबांनी जसं गुंडाळलं होतं तसंच कागदात ठेवा, आणि कागदही टाकू नका.

रविवारपेठ

काका, माझ्याकडे १ रुपया आहे, त्यावर "रुपया"तला "या" नाहीच. हे पण किमती का?

प्रेसशॉप_निवृत्त

दादा, ठशातल्या अक्षराच्या खाचेत वंगण आणि धातूची भुकटी बसली की तिथे धातूला शिरायला जागा उरत नाही, अक्षर उठत नाही. हे इतकं सर्रास होतं की त्याला फारशी किंमत नाही. एकदा बोट फिरवून पाहा. जागा सपाट आणि बाकीच्या पृष्ठभागाएवढीच गुळगुळीत असेल तर वंगण. खोलगट किंवा ओरखडलेली असेल तर कुणीतरी खरवडलंय. रेल्वे रुळावर ठेवून चपटी केलेली नाणीही लोक "दुर्मिळ" म्हणून विकतात, त्याचा मला राग येतो. नवीन पोरं फसतात आणि मग छंदच सोडून देतात.

पंचगंगा

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या घरात आजोबांच्या काळापासून तांब्याची एक शिवराई आहे. एका बाजूला "छत्र" दिसतं, "पति" जेमतेम अर्धं. दुसऱ्या बाजूला "राजा" मधोमध, "श्री" वरून कापलेलं. म्हणजे तीही चुकीची पडली आहे का? प्रदर्शनात एकाने "ऑफ सेंटर एरर" म्हणून जास्त किंमत सांगितली.

प्रेसशॉप_निवृत्त

दादा, नाही. शिवराई प्रेसवर पडलेली नाही, हातावर पडलेली आहे. तांब्याचा तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. कॉलर नावाची गोष्टच तिथे नव्हती. शिवाय ठसा बहुतेक वेळा तुकड्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून "श्री राजा शिव" आणि "छत्रपति" ही पूर्ण अक्षरं, भोवतीच्या ठिपक्यांच्या वर्तुळासकट, एकाच शिवराईवर मिळणं हीच दुर्मिळ गोष्ट आहे. मला विचाराल तर आमच्यासारख्यांनी जास्त पैसे द्यायचे ते सगळी अक्षरं असलेल्या शिवराईला. तुमची तर जशी असते तशीच आहे. ज्याने "ऑफ सेंटर" म्हणून भाव वाढवला त्याने यंत्राच्या नाण्याचं मोजमाप हाताच्या नाण्याला लावलं.

हातावरच्या नाण्यातही खऱ्या चुका असतात. दोन घावांच्या मधे तुकडा सरकला की अक्षरं दुहेरी दिसतात. ठसा कोरणाऱ्याने अक्षर चुकवलं तर "शिव" चा "सिव" होतो, आणि तसे ठसे आहेतच. वरच्या ठशाला नाणं चिकटून राहिलं आणि कामगाराच्या लक्षात आलं नाही, तर तिथेही लाखीच. घणाच्या काळातही तेच आणि मिनिटाला ७०० च्या काळातही तेच, हे मला फार विलक्षण वाटतं.

तुमच्या शिवराईवर दोन ओळींच्या मधे आडव्या दोन दांड्या आहेत का तेही पाहा. असतील तर ती दुदांडी, नंतरच्या काळातली.

मिडलँड्सकर

छान धागा. इथे इंग्लंडमध्ये २००८ मध्ये एक वेगळ्याच टप्प्यावरची चूक झाली होती, काकांच्या प्रश्नात बसते म्हणून सांगतो. २० पेन्सच्या नाण्याचं चित्र त्या वर्षी बदललं. आधी वर्ष मागच्या बाजूला असायचं. नव्या मागच्या बाजूला ढालीचा तुकडा आला आणि वर्ष राणीच्या बाजूला गेलं. टांकसाळीत काही नाण्यांना नव्या मागच्या ठशाबरोबर राणीचा जुना ठसा जोडला गेला. जुन्या राणीवर वर्ष नाही, नव्या ढालीवर वर्ष नाही. त्यामुळे बिनवर्षाची नाणी बाजारात आली. दोन न जुळणाऱ्या ठशांच्या अशा नाण्याला इथले संग्राहक खेचर म्हणतात. मी तेव्हा इथे नवीन होतो. दुकानात मोड मोजताना आमच्या मालकीणबाई प्रत्येक २० पेन्स उलटून पाहायच्या, अजून आठवतं. मला एकही मिळालं नाही.

प्रेसशॉप_निवृत्त

अगदी बरोबर बसतं. पत्रा ठीक, दाब ठीक, फीड ठीक, चूक टूलरूमच्या रॅकवरच झाली. डाय सेट देताना जोडी तपासायची असते. आमच्याकडे वरच्या आणि खालच्या डायला एकच नंबर ठोकलेला असे, आणि तरीही एकदा माझ्याच शिफ्टला चुकीची जोडी चढली होती. दीड तासाचा माल भंगारात गेला.

घाटवाट

काका, काल आईला घेऊन गावातल्या सराफाकडे गेले, भिंगही त्यांचंच. तुम्ही सांगितलं तसं एकेक पाहिलं. सविस्तर लिहिते.

वजनं: रुपया ४.८४. गेंडा २.५८. पाच रुपये ८.९८. दहा रुपये ७.६९. रुपया आणि गेंडा चुंबकाला चिकटले, पाच रुपये नाही.

दहाचं तुम्ही म्हणालात तेच निघालं. जोडावर एका जागी चिमट्याने किंवा खिळ्याने ठोकल्याची खूण आहे आणि सराफकाकांनी काचेवर टाकलं तर बद्द आवाज आला. त्यांच्या गल्ल्यातल्या दुसऱ्या दहाच्या नाण्याचा खणखणीत आला, फरक आईलाही कळला. वाईट वाटलं, पण थोडंच.

गेंड्याच्या तोंडासमोरची कड खरंच बसकी आहे! आजूबाजूला उभी कड आणि बरोबर चाव्याच्या समोर ती विरघळल्यासारखी होते. सराफकाकांकडे जुने चार आणे होते, ते चाव्यात अगदी घट्ट बसले. घरी आल्यावर बाबांच्या पंचाने जुन्या वहीच्या कागदाला भोकं पाडून पाहिली. माझ्या मुलाने तशा पन्नास चंद्रकोरी पाडल्या आणि आता तो प्रत्येकाला गेंडा कसा चावला गेला ते सांगत सुटलाय.

पाच रुपये: सिंह बारावर, ५ चं डोकं तीनच्या किंचित पुढे.

आणि रुपया. उलट्या सिंहांची आयाळ दिसते. खालच्या पट्टीवरचं चक्रही आहे, आरे मोजता येत नाहीत पण आहेत. "१" किंवा कणसं कुठेच नाहीत. मी पंधरा मिनिटं भिंगाखाली फिरवत होते, आई मागून विचारत होती "काय दिसतंय?"

प्रेसशॉप_निवृत्त

ताई, आयाळ दिसते म्हणजे चिकटलेल्या नाण्याखालचा पहिला किंवा दुसरा ठोका. खरी लाखी आहे. ५ रुपयेही उत्तम, ९० अंशांहून थोडं जास्त फिरलेलं. गेंडा निर्विवाद. चार आण्याचं नाणं ३० जून २०११ पासून चलनात राहिलेलं नाही, पण संग्राहकाला त्याने काही फरक पडत नाही.

विकायची वेळ कधी आली तर फोनवरच्या कुणाला नाही. नाणेसंग्राहकांच्या प्रदर्शनात जा, तीन-चार टेबलांवर दाखवा, हातातून सोडू नका, आणि भाव ऐकून घरी या. माझ्या मनातलं सांगू का? लाखी सगळ्यांत किमती खरी, पण मला स्वतःला गेंडाच जास्त आवडला. लाखी पाहून माणूस चकित होतो. गेंड्याच्या समोरची बसकी कड मात्र शोधावी लागते, आणि ती सापडली की कापणं, कड उचलणं, ठसा बसणं, सगळं एका नाण्यात डोळ्यांसमोर उभं राहतं.

पुडीच्या कागदावर तारखेखेरीज आणखी काही लिहिलंय का?

घाटवाट

हो. आज नीट उलगडून वाचलं, अक्षर पुसट झालंय. रुपयाच्या पुडीवर: "सिंह उलटा. भोर–महाड, परतीची खेप. रु. १ माझ्याकडून भरला." गेंड्याच्या पुडीवर: "२५ पै. भरले." पाच रुपयांच्या पुडीवर नुसतं "फिरलेलं", आणि त्याखाली "५ भरले".

दहाच्या पुडीवर लिहिलंय, "उलटं बसवलंय कुणीतरी. प्रवाशाला परत दिलं नाही. म्हातारी होती. १० भरले."